बैल नसलेला दुसरा भाग

नांदूरघाटच्या अलीकडच्या माळावर मागच्या महिन्यात माणसं खड्डे खणताना दिसली. मी अंबाजोगाईहून एसटीनं गावाकडं निघाले होते. बाजूला बांबूंचा ढीग, हिरव्या जाळीच्या गुंडाळ्या, आणि दोन खांबांना आडवा ताणलेला ताजा फ्लेक्स. माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं डोक्यावरचा पदर सावरत विचारलं, "काय बांधायलेत गं तिथं?"

"दुसरा भाग," मी म्हणाले.

ती माझ्याकडं बघत राहिली. बिचारीचा काय दोष! चारा छावणी बांधायलेत, एवढं सरळ उत्तर होतं. मागच्या मोठ्या दुष्काळात छावणी ह्याच माळावर होती, ह्याच सहकारी दूध संस्थेची. तेव्हा फ्लेक्सवर चेअरमन एकटेच हात जोडून उभे होते. यंदा त्यांचा फोटो बारीक झालाय, शेजारी त्यांचा मुलगा मोठा झालाय आणि खाली लिहिलंय 'अत्याधुनिक चारा छावणी'. अत्याधुनिक म्हणजे काय, तर कॅमेरे बसवणार म्हणे. पाण्याचं विचारलं तर टँकर येईल. अहो, टँकर तेव्हाही येणारच होता!

माझं डोकं त्या दिवशी आधीच सटकलेलं होतं, म्हणून फ्लेक्सवर जरा जास्तच राग निघाला असेल. पण निघाला ते बरंच झालं.

मी काय काम करते ते सांगायला हवं. आमच्या घरात ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही. माझे चुलते, म्हणजे आमचे बप्पा, पाव्हण्यांना सांगतात की वैशाली रिचार्ज मारून देते. मी मोबाइलवरच्या गेममधला मजकूर मराठीत करते. पुण्याच्या एका कंपनीसाठी, अंबाजोगाईत घरी बसून. त्या कंपनीचा शेतीचा एक गेम आहे. त्याचं नाव घेत नाही, घ्यावंसंही वाटत नाही. त्याचा आता दुसरा भाग येतोय. त्या सकाळी मला विचारणा आली होती: दुसऱ्या भागात ग्रामीण खेळाडूंना काय काय नवीन लागेल, तुमचं मत कळवा. मत कळवा! शेत नांगरून, पेरून, वर कुंपण घालून झाल्यावर शेजाऱ्याला विचारायचं की इथं काय पेरू.

मत काय कळवायचं हे मला बसल्या जागी ठाऊक होतं. कारण त्या गेमचा पहिला भाग मी पुण्यात नाही बघितला. मी तो छावणीत बघितला, प्रयागकाकूच्या हातात.

प्रयागकाकू माझी चुलती, बप्पांची बायको. माझे आई-वडील ऊसतोडीला गेले की सहा महिने मी तिच्याजवळच असायचे, त्यामुळं अर्धी मी तिचीच. त्या उन्हाळ्यात माझं कॉलेज संपलं होतं, नोकरी नव्हती, आणि छावणीत जनावरांपाशी कुणीतरी बाईमाणूस राहायला हवं होतं. काकू राहिली, मी तिच्या सोबतीला गेले. हिरव्या जाळीखाली आमची एक खाट, एक चूल, पाण्याची टाकी, एक गाय आणि दोन बैल. दुपारी जाळीतून ऊन चाळून पडायचं आणि अंगावर हिरवे ठिपके उठायचे. शेणाचा, चाऱ्याला आणलेल्या उसाच्या वाढ्यांचा, तापलेल्या प्लास्टिकच्या टाकीचा एक मिसळलेला वास. अजून कुठं नवी प्लास्टिकची टाकी उन्हात दिसली की माझ्या नाकात तोच वास येतो. जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले. काकू म्हणायची, "आपल्याला बी मारावा एक. निदान मोजलं तरी जाईल."

दोन बैलांतला एक हौश्या. तो तिनं वासरू असल्यापासून वाढवला होता. मला आठवतं तसं, ती त्याच्याशी बप्पांपेक्षा जास्त बोलायची. बप्पाही ते हसत सांगायचे.

छावणी सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. एका सकाळी बप्पा आले आणि म्हणाले, "हौश्याला पत्री मारून आणतो." पत्री म्हणजे बैलाच्या पायाचे नाल. ना रस्ता चालायचा, ना शेत नांगरायचं, छावणीत बांधलेल्या बैलाला पत्री कशाला मारायची, हे काकूनं विचारलं नाही. ती टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी होती. बप्पा संध्याकाळी परत आले ते हातात नुसतं दावं घेऊन. आमच्याकडं बैल विकला तरी दावं देत नाहीत, घरी परत आणतात. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. बप्पांनी ते दावं खाटेच्या पायाशी ठेवलं आणि पाणी प्यायला गेले. काकूनं दाव्याकडं बघितलं. त्या दिवसापासून आजपर्यंत आमच्या घरात त्या बैलाचं नाव बप्पांनी घेतलेलं नाही.

चारा पुरत नव्हता, मला कळतं. एक बैल कमी झाला म्हणून बाकीची जनावरं तगली, हेही कळतं. विकायलाच लागला असता. पण घरातल्या बाईला एक शब्द सांगायला काय होतं? आदल्या दिवशी कळलं असतं तर तिनं त्याच्या पायावर पाणी घातलं असतं, कुंकू लावलं असतं, भाकरी चारली असती. एवढं तरी करू द्यायचं! मला अजून राग येतो, आणि बप्पा हा माणूस मनानं वाईट नाही म्हणून जास्तच येतो.

त्याच आठवड्यात कधीतरी मी काकूला माझ्या मोबाइलवर तो गेम लावून दिला. नेट नुकतंच स्वस्त झालं होतं, पोरंसोरं छावणीत दिवसभर काही ना काही बघत असायची. मला वाटलं तिचं मन रमेल. गेममध्ये एक शेत, एक विहीर आणि एक तांबडा बैल. काकूनं चष्मा लावून स्क्रीन डोळ्यांजवळ नेली.

"एकट्या बैलानं नांगर चालतोय व्हय गं?"

"गेम हाय तो काकू."

"गेम असला म्हणून काय झालं? बैलाचा जीव न्हाई का?" मग जरा वेळानं म्हणाली, "ह्यो आपला हौश्या हाय."

संपलं. त्या दिवसापासून मोबाइल माझा उरला नाही.

ती कशी खेळायची हे कंपनीतल्या कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. विहिरीला पाणी कधी आटत नव्हतं, बोट ठेवलं की पाणी. काकू तरी गेममध्ये पाऊस येईपर्यंत पेरायचीच नाही. "विहिरीच्या जिवावर कुणी पेरतं का, येडे?" पुढं पोळ्याला तिनं हौश्याला कामाला लावलं नाही. गेमला वाटलं ही बाई आलीच नाही, त्यानं तिचे गुण कापले. अमावस्येला नांगर बंद. आणि तिसऱ्या पायरीवर गेल्यावर गेम रोज सकाळी एकच विचारायचा: बैल विकून ट्रॅक्टर घ्यायचा का? खाली दोन बटणं, 'विका' आणि 'नंतर'. काकू रोज सकाळी 'नंतर' दाबायची. चहा प्यायच्या आधी. तिसरी पायरी तिनं कधी ओलांडली नाही. कशाला ओलांडायची? तिथं तिचा बैल होता.

तिचं बघून शेजारच्या बाया लागल्या. शकुंतलाबाई, तिची सून, पलीकडच्या रांगेतल्या दोघी. त्या गेममध्ये शेजाऱ्याच्या शेतात जाऊन मदत करता येत होती. बायांनी तिथं सावड सुरू केली. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझ्या रानात, उद्या सगळ्यांनी माझ्या. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या शेतीची कामं अशीच उरकली. दुपारी जाळीखाली चार-पाच जणी मोबाइल घेऊन गोल बसायच्या. "आज प्रयागचं काढायचं हाय बाई, चला." एका तासात काकूचं सगळं रान खुरपून मोकळं! कुणी चहा करायची, कुणी मधेच उठून वासराला पाणी दाखवून यायची, तिचा मोबाइल दुसरी चालवायची. एवढं खळखळून हसताना मी त्या बायांना त्या उन्हाळ्यात दुसऱ्या कशावर बघितलं नाही. पलीकडं संस्थेच्या मंडपात चेअरमन माइकवर सहकाराचं महत्त्व सांगत होते. इकडं खरा सहकार मोबाइलवर चालला होता आणि त्याला माइक नव्हता.

मग एक दिवस सगळ्यांची शेतं बंद पडली. गेमनं लिहिलं की तुमच्या खात्यावर संशयास्पद हालचाल आढळली आहे. एका जागेवरून इतक्या जणांनी एकाच शेतात राबायचं म्हणजे चोरीच असणार, असं त्या यंत्राला वाटलं. दुसऱ्या दिवशी शेतं उघडली. शकुंतलाबाई म्हणाली, "आपल्यावर डाऊट घेतला बाई मेल्यानं!" आणि परत सावडीला बसली.

पुढं पाऊस पडला, छावणी उठली, मला काम मिळालं. योगायोग म्हणा, त्याच कंपनीचं मिळालं. काकूला मी तिचा वेगळा मोबाइल घेऊन दिला. शेत तेच, बैल तोच. इतकी वर्षं झाली, ती सकाळी उठते, चूल पेटवते आणि 'नंतर' दाबते.

आता सांगा, तिला दुसऱ्या भागात किती नावीन्य लागेल?

गेमखाली लोकांनी लिहिलेले शेरे वाचणं हाही माझ्या कामाचा भाग. कुठल्याही गेमचा पुढचा भाग आला की दोन प्रकारची माणसं तुटून पडतात. एक म्हणतात, काहीच नवीन नाही, जुन्याच मालाला रंग फासलाय, लुटायचे धंदे. दुसरी म्हणतात, सगळं बदलून वाटोळं केलं, आमचा जुना गेम परत द्या. कधीकधी दोन्ही शेरे एकाच माणसाचे असतात. आधी मला ह्या लोकांचा वैताग यायचा. बाबांनो, तुम्हाला हवंय तरी काय, एकदा ठरवा! आता वैताग येत नाही. तोच रस्ता, त्याला नवा रंग, असं दिलं की माणूस चिडतो, कारण तुम्ही त्याला खुळा समजलात. आणि ओळखीचं सगळं पुसून टाकलं की तो चिडतो, कारण तो तिथं इतके दिवस राहत होता हे तुम्ही विसरलात. दोन्हीकडं दुखणं सारखंच आहे. नवं मलाही आवडतं हो. मी काही जुनं ते सोनं म्हणत बसणारी बाई नाही. पण नवं करताना आधी बघावं की जुन्यात कोण राहतंय.

हे सगळं मी समीरला सांगायचं ठरवलं होतं. समीर म्हणजे कंपनीत गेमचं बघणारा माणूस. पोरगा सभ्य आहे, मला वैशालीताई म्हणतो. व्हिडिओ कॉलवर त्यानं दुसरा भाग दाखवला. बर्फाचं शेत! अंगावरचा पदरसुद्धा ओझं वाटावा अशा वैशाखात मी बसलेली, आणि समोर बर्फात ट्रॅक्टर चाललाय. शेतकऱ्याला सात-आठ प्रकारच्या टोप्या. कोंबड्यांना रंग बदलता येतो.

"बैल कुठाय?" मी विचारलं.

"बैल काढला ताई. डेटा बघितला ना आम्ही. तुमच्या मराठवाड्याकडचे खूप युजर तिसऱ्या लेव्हलला अडकलेत. बैल विकायचा, ट्रॅक्टर घ्यायचा, एवढं साधं काम आहे, तेसुद्धा करत नाहीत. म्हणजे बोअर झालेत. म्हणून ह्यावेळी डायरेक्ट ट्रॅक्टरपासून सुरुवात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बोअर झालेली माणसं रोज सकाळी येतात होय रे?"

"येतात, पण पुढं जात नाहीत. आम्ही ते अडकलेलेच धरतो."

माझी चुलती नाही म्हणतेय, समीर. रोज नाही म्हणतेय. असं मी म्हणाले. तो म्हणाला, "इंटरेस्टिंग," आणि पुढं गेला. शेजाऱ्याला मदत आता दिवसातून एकदाच करता येणार, कारण पहिल्या भागात लोकांनी त्या सोयीचा गैरफायदा घेतला होता; एकाच जागेवरून सगळे मिळून एकाच शेतावर, बहुतेक यंत्रंच चालवत असतील. मी म्हणाले, "बाया होत्या त्या. छावणीत बसलेल्या." तो म्हणाला, "ओके. पण आता ते फिक्स केलंय."

फिक्स केलंय! पिढ्यान् पिढ्यांची सावड एका दुपारी फिक्स केली भल्या माणसांनी.

"खरंच काही नवं करायचं असेल तर विहीर आटू द्या," मी म्हणाले. "पाऊस लांबू द्या. चारा संपू द्या. मग बघा, लोक कसे डोकं लावून खेळतात."

"फार निगेटिव्ह होईल ताई. लोक दिवसभर तेच बघतात ना."

"आणि बर्फ रोज बघतात?"

तो हसला. मला हसू आलं नाही. शेवटी मी खरं विचारायचं ते विचारलं, लोकांची जुनी शेतं दुसऱ्या भागात आणता येतील का? नाही. नकाशा नवीन, सगळं नवीन. दुसरा भाग आला की पहिला बंद, जुनी शेतं पुसली जाणार. "लोकांना फ्रेश स्टार्ट आवडतो," समीर म्हणाला. मी भांडले. अगदी आवाज चढवून भांडले. निदान बैल तेवढा येऊ दे म्हणाले, उभा राहू दे कोपऱ्यात, कामाला नका लावू. तो बघतो म्हणाला. बघतो म्हणजे काय ते आपल्याला संस्थेच्या वार्षिक सभेपासून माहीत आहे.

म्हणून मी त्या दिवशी एसटीत होते. म्हटलं, काकूला आपण समोर बसून सांगावं. ती अंगणात तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, म्हणाली, "वाळलीस गं वैशे. थांब, पिठलं टाकते." बप्पा ओट्यावर दावी वळत बसले होते. जेवण झालं. काकूनं मोबाइल काढला आणि मला दाखवलं, विहिरीपाशी तिनं कडुनिंब लावला होता, हौश्याला सावली व्हावी म्हणून. मी तोंड उघडलं आणि मला जमलंच नाही. कसं सांगायचं? कुठल्या वाक्यानं सुरू करायचं? बप्पा ओट्यावरून मान वर करून माझ्याकडं बघत होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की त्या संध्याकाळी दावं ठेवून ते पाणी प्यायला का गेले असतील. कळलं म्हणून राग गेला नाही. त्यात माझ्यावरचा राग मिसळला एवढंच. मी न सांगता परत आले.

आणि दोन दिवसांनी कामाचा शेवटचा मजकूर आला. पहिला भाग बंद होताना जुन्या खेळाडूंना जे वाक्य दिसेल, ते मराठीत करायचं होतं. मूळ वाक्याचा अर्थ असा की तुमचं लाडकं जुनं शेत आता विश्रांती घेत आहे, चला, नव्या शिवारात नवी सुरुवात करूया! पुढं फुलाचं चित्र. एका वाक्यात इतका खोटेपणा मावतो हे मला माहीत नव्हतं. विश्रांती घेत आहे म्हणे! हेच वाक्य माझ्या चुलतीला चहाच्या आधी वाचायचं होतं, आणि ते मी लिहायचं होतं.

मी लिहिलं. फूल काढून टाकलं. पुण्यात मराठी मजकूर कुणी तपासत नाही हे मला इतक्या वर्षांत कळून चुकलंय. स्क्रीनवरच्या चौकटीत मावला की झालं. ह्यावेळी त्याचा उपयोग झाला. नोकरी जाईल तर जाईल.

बंद व्हायच्या दिवशी मी गावाकडं गेले. छावणी उभी राहिली होती, काकू गाय आणि राहिलेला म्हातारा बैल घेऊन तिथं मुक्कामाला होती. हिरव्या जाळीखाली चूल, खाट. कॅमेरा खांबावर लागला होता, टँकरची वाट बघत हंडे रांगेत होते. बप्पा शेजारी बसून विळ्यानं वाढे तोडत होते. काकूनं चूल पेटवली, हात पुसले, चष्मा लावला आणि मोबाइल काढला.

ती चौथीपर्यंत शिकलेली. एकेका शब्दाखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचते.

"तुमचा... बैल... आम्ही... काढून टाकला. तुम्हाला... विचारलं नाही. तो... आता... परत... मिळणार... नाही."

बप्पांचा विळा थांबला. मी तिच्याकडं बघत होते. तिनं चिडावं, मोबाइल फेकून द्यावा, त्या पुण्याच्या लोकांचा उद्धार करावा, मी बरोबरीनं करणार होते. तिनं ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत परत वाचलं. मग चष्मा काढून पदरानं पुसला.

"माणसं बरी दिसतेत गं वैशे," ती म्हणाली. "सांगितलं तरी."